पापणीवरचा शेक

मिरज,
श्रावणी सोमवार

प्रिय कुंदा,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. ‘डोळ्याला रेडिएशन’ एवढं कानावर पडलं आणि तुझं सुरू झालं. अगं, सरळ कापून का नाही टाकलं? केमो का नाही दिला? आमच्या शेजारणीचं तर दोन दिवसांत झालं, तुला बारा दिवस का लावले? इतकी वर्षं ह्यूस्टनला राहून तुझा आवाज अजून आपल्या मिरजेच्या मंडईतलाच आहे, हे ऐकून बरं वाटलं. पण माझी उत्तरं तोंडातच राहिली. म्हणून हे पत्र. यात तुला मधे बोलायची सोय नाही.

आधी क्षेमकुशल. मी ठणठणीत आहे. दोन्ही डोळ्यांनी दिसतंय, आणि हे पत्र माझं मीच लिहितेय. उजव्या डोळ्याची वरची पापणी अजून लालसर आहे आणि तिचे केस पार गळलेत. त्यामुळे तो डोळा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. ह्यांचं म्हणणं, शाळेत वर्गावर असताना मी अशीच बघायचे, त्यात नवीन काही नाही.

सुरुवात अगदीच फालतू होती. पापणी कडेला जराशी फुगली. घरात सगळ्यांनी रांजणवाडी ठरवली, लवंग उगाळून लावली. एका डॉक्टरांनी थेंब दिले, मग मलम, मग आणखी एक मलम. दुखत काहीच नव्हतं, आणि तीच तर गोम होती. रांजणवाडी ठणकते, पिकते, फुटते आणि एकदाची जाते. ही बया आली ती ठाण मांडूनच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी करून पाहिली, तर आतून गुलाबी-केशरी, गुळगुळीत काहीतरी. त्यांनी लगेच छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात लांबलचक नाव आलं: एक्स्ट्रानोडल मार्जिनल झोन लिंफोमा, माल्ट प्रकार. मग पेट स्कॅन, रक्ताच्या तपासण्या. बाकी शरीरात कुठे काही सापडलं नाही. म्हणजे पहिली पायरी.

लिंफोमा म्हणजे लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, एवढं तुला माहीत असेल. पण त्याच्या घराण्यात पुष्कळ भावंडं आहेत, आणि ती स्वभावाने एकमेकांच्या विरुद्ध. काही धाडधाड पसरतात, काही वर्षानुवर्षं एका जागी बसून राहतात. माझा दुसऱ्या जातीचा. इंग्लंडमधल्या पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी १९८३ मध्ये हा माल्ट प्रकार पहिल्यांदा वेगळा ओळखला, तो पोटातल्या गाठींवरून. पुढे लक्षात आलं की पोटातल्या गाठीमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो, आणि तो जंतू औषधाने घालवला की कित्येकांची गाठही विरघळते. काय गंमत आहे बघ, कॅन्सरवर अँटिबायोटिक!

आता यावरून ऐक. आमच्या डॉक्टरांनी मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, “घरी पोपट आहे का?” मला वाटलं, माणूस थकलाय. तर तसं नव्हतं. २००४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांना डोळ्याभोवतीच्या या गाठींमध्ये पक्ष्यांकडून येणारा एक जंतू सापडला, क्लॅमिडिया सिटासी. पोपटाच्या तापाचा जंतू तोच. तिथल्या बहुतेक रुग्णांत तो निघाला आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी काहींच्या गाठी लहान झाल्या. दुसऱ्या कित्येक देशांत शोधला, तर तो क्वचितच हाती लागला. म्हणजे एकाच रोगाचं कारण गावोगावी वेगळं असू शकतं. माझ्या तुकड्यात जंतूबिंतू काही निघाला नाही. पोपटही नाही. शेजारच्यांकडे कोंबड्या आहेत, पण त्यांची चौकशी कोणी केली नाही.

तर तुझा पहिला प्रश्न, कापून का नाही काढलं. अगं, ही गाठ लिंबाच्या बीसारखी सुटी नसते, की चिमट्यात धरली आणि निघाली. त्या पेशी पापणीच्या स्नायूंच्या आणि चरबीच्या मधून झिरपलेल्या असतात. पुरत्या काढायच्या तर पापणीच काढावी लागेल. आणि पापणी नसलेला डोळा म्हणजे काय? मिटता येत नाही, ओला राहत नाही, काही दिवसांत बुबुळाला जखमा. रोग बरा आणि डोळा गेला, असला सौदा कोण करील?

केमोचं तर सरळ आहे. रोग बसलाय करंगळीच्या पेराएवढ्या जागेत, आणि त्यासाठी औषध फिरवायचं अख्ख्या अंगातून? तो पसरलेला असता तर रिटुक्सिमॅब नावाच्या औषधाचा किंवा आणखी कशाचा विचार केला असता, असं डॉक्टर म्हणाले. नुसतं लक्ष ठेवून थांबणं हाही एक मार्ग त्यांनी समोर ठेवला होता. काही म्हाताऱ्या, इतर दुखणी असलेल्या माणसांसाठी तो बराही असतो. पण माझी पापणी खाली उतरून नजरेच्या आड यायला लागली होती.

राहिलं रेडिएशन. आणि इथे लिंफोसाइटचा एक गुण आपल्या पथ्यावर पडतो. बाकीच्या बहुतेक पेशींना किरणांचा मार बसला की त्या पुढच्या विभाजनाच्या वेळी मरतात. लिंफोसाइट इतका हळवा की डीएनए तुटल्याचं कळताच काही तासांत स्वतःच स्वतःला संपवतो, विभाजनाची वाटसुद्धा बघत नाही. म्हणून घशाच्या कॅन्सरला जेवढा डोस लागतो, त्याच्या निम्म्याहून कमीत इथे काम होतं. माझा ठरला २४ ग्रे, रोज २ ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. तुझे बारा दिवस ते हे.

ग्रे हे एकक लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाचं. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. मी जन्मभर मुलांना ज्यूल शिकवला, त्यामुळे घरी येऊन लगेच वहीवर गणित मांडलं. २४ ग्रे एका दमात दिले तरी पेशींचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागानेही वाढत नाही. चहाच्या एका घोटाने तोंड त्याच्या कितीतरी पट तापतं. आणि आमच्या प्रतीक्षालयात मात्र सगळे याला ‘शेक’ म्हणतात, नाहीतर ‘लाईट’. “ताई, तुमच्या लाईटी किती राहिल्या?” ही तिथली रामराम म्हणायची पद्धत. अथणी, विजापूर, जत, सोलापूर, कुठून कुठून माणसं येतात. वान्लेस साहेबाने १८९४ मध्ये इथे इस्पितळ उघडलं, तेव्हापासून मिरजेची वाट सीमेपलीकडच्या गावांनाही पाठ आहे. घशाचा रोग असलेले एक मामा रोज मला बघून मान हलवायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, पण नजरेत स्पष्ट होतं: ही बाई उगाच रांगेत बसलीय, हिला काय झालंय?

आता खरी मजा सांगते. या उपचारात किरण आत घालायला फार वेळ लागत नाही. सगळी मेहनत आहे ती नको तिथे त्यांना जाऊ न देण्याची.

सुरुवात मुखवट्यापासून. प्लास्टिकची जाळीदार शीट असते. गरम पाण्याच्या टाकीतून काढली की ओल्या पापडासारखी लुळी. ती चेहऱ्यावर अंथरून कानापर्यंत ओढतात आणि तू हलायचं नाहीस. थोड्या मिनिटांत ती घट्ट होते, नाकाच्या शेंड्यासकट तुझा पुतळा तयार. रोज तोच मुखवटा चढवून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही सरकत नाही. उजव्या डोळ्यापुरती जाळी कापून खिडकी ठेवली होती. माझ्या पुढच्या नंबरची एक तरुण मुलगी मुखवट्यात घाबरायची. तिला तिथली टेक्निशियन बाई बाहेरून माइकवर गप्पा मारत बसायची, आज घरी भाजी काय केली, वगैरे. त्या बाईचा पगार दुप्पट करावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग खिडकीचं बेतणं. मोल्ड रूम नावाच्या खोलीत एक गृहस्थ शिसं, बिस्मथ, कथील आणि कॅडमियम यांचा मिश्रधातू वितळवत बसलेले असतात. तो साधारण ७० अंशांना वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली. त्याचा ठोकळा ओतून मधोमध माझ्या पापणीच्या आकाराचं भोक ठेवलं. मशीनच्या तोंडाला हा ठोकळा लावला की किरण त्या भोकातूनच येणार. असे ठोकळे तिथे फळीवर रचलेले होते, प्रत्येकाचं भोक वेगळं, खाली चिकटपट्टीवर नाव. मी माझा हातात घेऊन पाहिला, चांगलाच जड.

आणि सगळ्यांत बारीक काम म्हणजे ढाल. पापणीच्या मागे लगेच बुबुळ, त्याच्या मागे डोळ्याचं भिंग, आणि हे भिंग किरणांच्या बाबतीत फार नाजूक. थोडा डोस लागला तरी काही वर्षांनी मोतीबिंदू. म्हणून पापणी आणि डोळा यांच्या मधे टंगस्टनची वाटोळी ढाल सरकवतात. मोठ्या कॉन्टॅक्ट लेन्सएवढी, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकी, शिशापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून एवढी पातळ ढालही पुरते. आधी बधिर करणारे थेंब घालतात. ते पाच-दहा सेकंद झोंबतात, मग डोळा आपला वाटतच नाही. “खाली बघा” म्हणत वरची पापणी उचलून ढालीची कड आत, “आता वर बघा” म्हणत खालची पापणी ओढून दुसरी कड आत. एका डोळ्यापुरता मिट्ट काळोख. दुखत नाही, फक्त कुणीतरी डोळ्यावर बोट ठेवून उभं आहे असं वाटत राहतं.

त्या ढालीच्या बाहेरच्या बाजूला मेणाचा थर होता. मी विचारलं, हे कशाला? तर कळलं की माझे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि जड धातूवर आपटून त्यातले काही उलटे फिरतात आणि पापणीला आतून जादा डोस देतात. ते परतणारे इलेक्ट्रॉन मेण पिऊन टाकतं. आणि पापणीवर बाहेरून ओल्या जाडसर जेलची चकती. कारण इलेक्ट्रॉनांचा डोस कातडीच्या अगदी वरच्या थरात जरा कमी भरतो, आत थोडं गेल्यावर पुरा. ती चकती ठेवली की जी तूट पडायची ती चकतीत पडते, पापणीला पुरं माप मिळतं. एका पापणीसाठी पुढून चकती, मागून मेण, त्यामागे टंगस्टन! मी नववीच्या पोरांना हे शिकवलं असतं तर एकही झोपला नसता.

मशीन तुला वाटतं तसं क्ष-किरणांचं नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी तरी. यंत्र तेच, लिनॅक नावाचं, पण ते इलेक्ट्रॉनही सोडतं. ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन अंगात जेमतेम तीन सेंटिमीटर जातात आणि संपतात. मेंदूपर्यंत जायची त्यांची ऐपतच नाही. गाठ डोळ्याच्या मागे, खोबणीत खोल असती तर फोटॉन, म्हणजे क्ष-किरणच, लागले असते आणि ही ढालही वापरता आली नसती, कारण रोगच ढालीच्या आडोशाला गेला असता. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असती तरी तीच पंचाईत. मग भिंगापुरता छोटा आडोसा डोळ्यासमोर टांगतात, आणि रुग्णाने एका खुणेकडे टक लावून बघत राहायचं. त्यापेक्षा माझं बरंच सोपं होतं.

प्रत्यक्ष शेक मिनिटभराचा. मशीन घूं करतं, बंद होतं, जाड दार सरकतं, आणि “झालं मॅडम.” ढाल काढल्यावर डोळ्याला पट्टी, कारण बधिर डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही आणि आपण चोळून ओरखडा पाडतो. पट्टी लावून रिक्षात बसले की रिक्षावाला विचारणार, “मोतीबिंदू का ओ?” मी हो म्हणायचे.

शेजारच्या काकूंनी नातीला माझ्यापासून लांब ठेवा म्हणून सुनेला सांगितलं, किरणं बाहेर पडतात म्हणे. सून विज्ञानाची पदवीधर, तरी क्षणभर तिचा चेहरा उतरला. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही साठत नाही. मी नातीला मुद्दाम काकूंच्या देखत कडेवर घेतलं.

त्रास? दुसऱ्या आठवड्यात पापणी सुजून लाल झाली, डोळे आल्यासारखे झाले, सकाळी चिकटायचे. केस गळले. ते बहुतेक येतील, कदाचित विरळ येतील. डोळा कोरडा पडतो, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब सतत जवळ. काजळ बंद. मोतीबिंदू अजूनही होऊ शकतो, ढालीने धोका कमी होतो, पुसला जात नाही. पण या वयात तो तसाही दारात उभा असतोच, आणि त्याचं ऑपरेशन आता चहापाण्याइतकं झालंय.

आता तुझा मोठा मुद्दा, तुझ्या शेजारणीला दोनच दिवस आणि मला बारा. हिशोब समजून घे. पूर्वी असल्या संथ लिंफोमाला ४० ते ४५ ग्रे द्यायचे. इंग्लंडमध्ये तुलना केली तेव्हा २४ ग्रेचा परिणाम तेवढाच निघाला, म्हणून सगळे खाली आले. मग तिथल्याच पीटर हॉस्किन आणि मंडळींनी आणखी धाडस केलं: २४ विरुद्ध फक्त ४ ग्रे. २०१४ मध्ये निकाल आला. ४ ग्रेनेसुद्धा शंभरातल्या ऐंशी जागी गाठ आटली, पण २४ ने नव्वदवर. आणि पाच वर्षांनी पाहिलं तर २४ वाल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जागी रोगाने पुन्हा डोकं वर काढलं नव्हतं, ४ वाल्यांत सत्तर टक्के. म्हणून नेहमीसाठी २४ च चांगला, असं त्यांनी म्हटलं.

पण ते होतं अंगभरच्या गाठींबद्दल. डोळ्याची गोष्ट वेगळी, कारण इथे प्रत्येक जादा ग्रेची किंमत डोळा मोजतो. तुझ्याच गावातल्या एमडी अँडरसन कॅन्सर इस्पितळात चेल्सी पिनिक्स आणि सहकाऱ्यांनी डोळ्याभोवतीच्या संथ लिंफोमाच्या ५० रुग्णांना आधी दोन दिवसांत ४ ग्रे दिले आणि वाट पाहिली. दर तीन महिन्यांनी तपासायचं, गाठ उरली तरच आणखी २० ग्रे द्यायचे. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं: दहातल्या नऊ जणांची गाठ पुरती गेली, आणि ती जादा २० ची गरज अगदी मोजक्यांनाच पडली. तुझी शेजारीण बहुधा याच वाटेने गेली असणार.

मग मला का नाही? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालेल, पण ४ ग्रेमध्ये थांबून बघत राहण्याची शिस्त लागते, आणि त्या रुग्णांची अजून पुरेशी वर्षं लोटलेली नाहीत. अथणीहून येणारा माणूस गाठ दिसेनाशी झाल्यावर तीन महिन्यांनी परत स्कॅनला येईलच, याची खात्री कोण देणार? मी म्हटलं, मी मिरजेतच राहते. ते म्हणाले, तुम्ही ठरवा. मी बारा घेतले, कारण मला सतत मागे वळून बघत जगायचं नव्हतं. पण दुसऱ्या डोळ्याला झालं, आणि या रोगाला दुसऱ्या डोळ्याची किंवा भलत्याच जागेची वाट माहीत आहे, तर मी दोनच मागेन. तुला हे उलटसुलट वाटेल, वाटू दे.

आणि हो, रेडिएशन म्हटलं की डोळा जाणार, असं तू जे रडत होतीस ना, त्यावर एक गोष्ट. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री कॅप्लन नावाच्या डॉक्टरने आणि एडवर्ड गिन्झटन या शास्त्रज्ञाने बांधलेल्या लिनॅकवर अमेरिकेतला पहिला रुग्ण झोपवला, तो दोन वर्षांचा एक मुलगा. रेटिनोब्लास्टोमाने, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरने, त्याचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यातही गाठ होती. त्या मशीनने तो दुसरा डोळा आणि त्यातली नजर वाचवली. कॅप्लन पुढे आयुष्यभर लिंफोमावर काम करत राहिला. म्हणजे तुमच्या देशात या मशीनचा श्रीगणेशाच डोळा वाचवण्याने झालाय बाई, मोडण्याने नाही.

आता काही महिने दर तपासणीला डोळे आणि स्कॅन, नंतर वर्षाकाठी एकदा, तेही बरीच वर्षं. डिसेंबरात येशील तेव्हा मला काजळ, मस्करा, सेंटचे साबण असलं काही आणू नकोस. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू छोट्या छोट्या कुप्यांत मिळतात, तिकडे ते स्वस्त पडत असतील तर तेवढे आण.

आणि शेजारणीला माझ्या वतीने विचार: दोन दिवसांच्या शेकानंतर तिची गाठ जायला किती दिवस लागले, आणि तेवढे दिवस तिला झोप लागायची का? माझ्या डॉक्टरांनाही ऐकायचंय.

तुझी,
मंदा